राखेंतून निघालेले सांचे

(मंडळींत व कुटुंबांत अभ्यासण्याकरितां पाठ)

वाचनाचा शास्त्रभाग : करिंथकरांस पहिलें पत्र, अध्याय ३, वचनें ५ ते १५.

मी एका खेड्यांत शब्बाथशाळेचा वर्ग चालवीत असें. एका वर्षीं पावसानें दगा दिला. दिवाळीच्या सुमारास एकेक कुटुंब ऊसतोडणीस निघून गेलें, आणि वीस-बावीस मुलांचा वर्ग तीन मुलांवर येऊन ठेपला. त्या रविवारीं घरीं परत येतांना माझें मन फार खिन्न झालें. इतक्या दिवसांची मेहनत कोठें गेली? हें काम देवाचें होतें, तर त्यानें तें असें मोडूं कां दिलें? असे प्रश्न मनांत उभे राहिले. अशा प्रसंगीं मला श्रीरामपूरच्या आगीची गोष्ट आठवली. तिनें जें मला शिकविलें तें आज तुमच्यापुढें ठेवतों.

१. आग

विल्यम केरी (१७६१-१८३४) हे इंग्लंडांतील जोडे शिवणारे कारागीर. ते १७९३ सालीं बंगालांत आले, व १८०० सालापासून हुगळी नदीच्या कांठीं श्रीरामपूर येथें राहिले. हें श्रीरामपूर आपल्याकडील नव्हे. तें त्या काळीं डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखालीं होतें. जोशुआ मार्शमन व विल्यम वॉर्ड हे तेथें त्यांचे सोबती होते. आपल्या भाषेवरहि या मनुष्याचे उपकार आहेत. त्यांनीं १८०५ सालीं मराठीचें व्याकरण व १८१० सालीं मोडी अक्षरांत छापलेला मराठी कोश प्रसिद्ध केला.

१८१२ सालच्या मार्च महिन्याच्या ११ तारखेस सायंकाळीं त्यांच्या छापखान्यास आग लागली. केरीसाहेब त्या वेळीं कलकत्त्यास होते. वॉर्ड व मार्शमन यांनीं दारेंखिडक्या लावून घेऊन आग कोंडून विझविण्याचा यत्न केला, व तो बहुतेक सिद्धीसहि गेला होता. इतक्यांत कोणीं तरी एक खिडकी उघडली. वारा आंत शिरला आणि ज्वाळा भडकल्या. मध्यरात्रीच्या सुमारास छप्पर कोसळलें. कागदाचा सांठा, अनेक लिप्यांचे खिळे, भाषांतरांचीं हस्तलिखितें हीं सर्व नष्ट झालीं. संस्कृत व तिच्याशीं संबंध असलेल्या भाषांचा एक मोठा कोश केरीसाहेब पुष्कळ वर्षें खपून तयार करीत होते. त्याचीहि राख झाली. दुसऱ्या दिवशीं मार्शमन यांनीं कलकत्त्यास जाऊन त्यांना ही वार्ता कळविली. परत आल्यावर तो ढिगारा पाहून त्यांचे डोळे भरून आले.

२. राखेंत काय सांपडलें?

छापण्याचे खिळे शिशाचे असतात. ते आगींत वितळून गेले. परंतु खिळे पाडण्याच्या आधीं एक फार चिकाटीचें काम करावें लागतें. प्रत्येक अक्षर पोलादाच्या तुकड्यावर उलटें कोरून मूळ ठसा करितात. तो ठसा तांब्यावर ठोकून सांचा तयार होतो. आणि त्या सांच्यांत शिसें ओतून पाहिजे तितके खिळे पाडितात. श्रीरामपूरचे असे ठसे पंचानन कर्मकार व त्यांचे जांवई मनोहर या बंगाली कारागिरांनीं मोठ्या कौशल्यानें घडविले होते. ढिगारा उपसूं लागल्यावर ते ठसे व सांचे शाबूत सांपडले. छापण्याचीं यंत्रेंहि वांचलीं होतीं. मग वितळलेलें शिसें गोळा केलें, त्याच सांच्यांत तें पुन्हां ओतलें, व कांहीं महिन्यांतच छापण्याचें काम पुनः सुरू झालें. आगीची बातमी इंग्लंडांत पोहोंचतांच तेथील मंडळ्यांनीं सुमारें दोन महिन्यांत नुकसान भरून काढण्याइतकी रक्कम जमविली.

३. खिळा आणि सांचा

बंधुभगिनींनो, आपल्या जीवनांतहि हे दोन पदार्थ आहेत. आपण जें करितों व जें आपल्या डोळ्यांस दिसतें, तें खिळ्यांसारखें आहे : भरलेला वर्ग, पिकलेलें शेत, बांधलेलें घर, मिळालेली नोकरी. तें उपयोगी आहे, पण तें वितळणारें आहे. ज्या हांकेनें आपण तें करितों, ती हांक सांच्यासारखी आहे. ती देव आपल्या अंतःकरणावर हळूहळू, दुःखाच्या हातोडीनें व वचनाच्या छिनीनें, कोरीत असतो. आपली चूक ही कीं, आपण खिळ्यांनाच जीवनाचा हेतु समजतों, आणि ते वितळले म्हणजे सर्वस्व गेलें असें मानून राखेपाशीं बसून राहतों.

माझी चूक हीच होती. वीस मुलांचा वर्ग हा खिळा होता. लेंकरांस प्रभूचें वचन सांगावें ही हांक हा सांचा होता. तो मोडला नव्हता. मग मीं त्या तीन मुलांचा वर्ग चालू ठेविला. मागाहून निघालेल्या एका कुटुंबांतील मुलीस पाठांची वही लिहून दिली. तिनें त्या हंगामांत तळावर, कोपीच्या दारांत बसून, आपल्या भावंडांस ते पाठ वाचून दाखविले. मी जेथें कधींहि गेलों नसतों तेथें वर्ग भरला.

४. दोन गोष्टींविषयीं सावधगिरी

पहिली ही कीं, आग लागली म्हणून काम वाईटच होतें असें समजूं नये. पौल ज्या अग्नीविषयीं लिहितो तो प्रभूच्या दिवसाचा अग्नि आहे. घरास, गंजीस किंवा छापखान्यास लागलेल्या आगीवरून शेजाऱ्याचा न्याय करण्याचा अधिकार आपणांस नाहीं. केरीसाहेबांनीं त्या प्रसंगीं स्वतःचेंच परीक्षण केलें. आपण नम्र होऊन प्रभूकडेच अधिक पाहावें, असा बोध त्यांनीं घेतला.

दुसरी ही कीं, गेलेलें सर्व परत मिळेल असें वचन विश्वासांत नाहीं. तो मोठा कोश पुन्हां झालाच नाहीं. कांहीं हानि कायमचीच असते, व तिच्याबद्दल रडणें हा अविश्वास नव्हे. परंतु जी वाट एकदां चाललों, ती दुसऱ्यांदां चालतांना पाय अधिक सराईतपणें पडतात, हें केरीसाहेबांनीं ओळखलें होतें. म्हणून डोळे पुसून ते पुन्हां लिहावयास बसले.

पौलानें लाविलें, अपुल्लोसानें पाणी घातलें. वाढ देवाच्या हातीं आहे. आपण वाढीचे धनी नाहीं. सोंपविलेल्या कामाचे सेवक आहों. हें ज्यास उमजलें, त्याचा हात राखेंतहि कामास लागतो.

विचारार्थ प्रश्न

१. माझ्या कामांतील कोणती गोष्ट गेली असतां मला जीवन व्यर्थ वाटेल? ती खिळा आहे कीं सांचा?

२. ज्याचें नुकसान झालें अशा शेजाऱ्यास आपण बोल लावितों कीं हात देतों?

३. आपल्या मंडळीचें कोणतें काम बंद पडलें आहे? तें लहान प्रमाणावर या आठवड्यांतच पुन्हां कसें आरंभितां येईल?