तणनाशकाचा पंप नुसत्या पाण्याने का निघत नाही?



मलकापूर भागात एका सभासदाच्या टोमॅटोची पाने सुतळीगत पिळवटलेली आम्ही पाहिली. रोग नव्हता. उसात २,४-डी मारलेल्या पंपानेच टोमॅटोवर कीटकनाशक फवारले होते. "सायब, पंप तीनदा धुतला की!" असे त्यांचे म्हणणे, आणि ते खोटे नव्हते.

घरचा तांबडा रस्सा आठवा. मिरचीचा रंग आणि जाळ वरच्या तवंगात जातो, मीठ मात्र खालच्या पाण्यातच राहते. न मिसळणारे दोन द्रव एकत्र आले की प्रत्येक पदार्थ आपल्या ओढीप्रमाणे दोघांत वाटला जातो. ही वाटणी ठरावीक प्रमाणात होते, असा नियम जर्मन शास्त्रज्ञ नर्न्स्ट यांनी १८९१ साली मांडला.

२,४-डीचे सोडियम मीठ पाण्यात विरघळते, म्हणून पाण्याने निघते. इथाईल एस्टर मात्र तेलाच्या ओढीचे. पाण्यात टाकल्यावर दुधासारखे पांढरे होते, ते विरघळून नव्हे, बारीक थेंब होऊन. पाणी ओतून दिले तरी त्याचा ओशटपणा नळीला व वायसरला धरून बसतो. डबा घेतानाच कोणता प्रकार आहे ते वाचून घ्यावे.

एस्टर मारले असेल तर आधी पंप निथळावा. मग थोडे रॉकेल, न मिळाल्यास डिझेल, घालून घुसळावे व नोझलमधून काढावे. ते आत ठेवू नये, रबर फुगते. नंतर साबणाचे पाणी. शेवटी धुण्याच्या सोड्याचे पाणी रात्रभर ठेवावे. आम्ल रूपात राहिलेल्या २,४-डीचे सोड्याने मीठ बनते आणि ते पाण्यात उतरते.

धुणे थोडेथोडे, पण अनेकदा. समजा, दर वेळी पंपात व नळीत १ लिटर मागे राहते. ९ लिटर पाणी एकदम घातले तर औषधाचा दहावा हिस्सा उरतो. तेच पाणी ३-३ लिटर करून तीनदा घातले तर चौथ्याचा चौथा, त्याचाही चौथा, म्हणजे चौसष्टावा. रॉकेललाही अशीच विभागणी फायद्याची.

टोमॅटोला मात्र चौसष्टावा हिस्साही बाधू शकतो. भाजीपाला असणाऱ्यांनी तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवावा, त्यावर लाल रंगाची खूण करावी आणि शेजाऱ्याला उसना देताना ती दाखवावी. धुवण विहीर, ओढा वा कडवी नदीपासून लांब, पडीक जागी खड्ड्यात जिरवावे.