सनद मिळाल्यानंतरचा अभ्यास

१ जुलै २०२४ रोजी फौजदारी वकिलीच्या पायाचे तिन्ही कायदे एकदम बदलले. १८६०ची दंड संहिता, १९७३ची प्रक्रिया संहिता आणि १८७२चा पुरावा कायदा जाऊन न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम आले. मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात दिवाणी आणि फौजदारी दोन्ही कामं करते. त्या बदलानंतर आमच्या बाररूममध्ये आम्ही काही जण शुक्रवारी बोर्ड संपल्यावर पुस्तकं उघडून बसू लागलो, आणि अजूनही बसतो. तिथे जे शिकले, त्यातलं इतर वकिलांच्या उपयोगी पडेल ते इथे मांडते.

१. कलमांचा तक्ता हाताशी ठेवावा, पण त्यावर विसंबू नये.

३०२चं १०३ झालं, ३०७चं १०९, ४२०चं ३१८चं पोटकलम ४. असे तक्ते नवे कायदे लागू होण्याआधीच प्रत्येकाच्या मोबाईलवर पोचले होते. तक्त्याने आकडा कळतो, बदललेला मजकूर कळत नाही. ४८२ म्हटलं की आमच्या पिढीला उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार आठवतात. नव्या संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि अंगभूत अधिकार गेले ५२८मध्ये. हा घोटाळा निदान डोळ्यांना दिसतो. न दिसणारे बदल जास्त महागात पडतात.

पोलीस कोठडीचंच पाहा. पहिल्या पंधरा दिवसांनंतर पीसीआर मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९२मध्ये अनुपम कुलकर्णी प्रकरणात सांगितलं आणि आम्ही ते गृहीतच धरलं. नव्या संहितेच्या कलम १८७मध्ये दिवस पंधराच आहेत, पण ते तुकड्यातुकड्याने, पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत केव्हाही मागता येतात. म्हणजे आरोपी एमसीआरमध्ये गेला, आता पोलीस परत नेणार नाहीत, असा दिलासा त्याच्या आईला देता येत नाही. जामिनाच्या सुनावणीत कोठडीचे दिवस शिल्लक असल्याचा मुद्दा निघाला, तर त्याचं उत्तर आधीच तयार हवं. तक्त्यात १६७समोर फक्त १८७ लिहिलेलं असतं.

खासगी फिर्यादीचंही तसंच. कलम २२३प्रमाणे दखल घेण्याआधी आरोपीला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. मग चेक न वटल्याच्या १३८च्या फिर्यादीतही ती द्यायची का, यावर मतमतांतरं झाली. सप्टेंबर २०२५मध्ये गोव्याहून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १३८साठी त्या टप्प्यावर समन्सची गरज नाही, असं सांगितलं. तालुका कोर्टांच्या बोर्डावर १३८ची कामं किती असतात हे कोणाही वकिलाला विचारा. हा एक निवाडा वेळेवर वाचला की नाही, यावर कित्येक फिर्यादींच्या तारखा अवलंबून असतात.

२. आधी गुन्ह्याची तारीख पाहावी.

घटना १ जुलै २०२४पूर्वीची असेल तर कलम जुन्या दंड संहितेचंच लागतं. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(१)मुळे नवी शिक्षा मागे नेता येत नाही. फिर्याद नंतर दाखल झाली तर तपासाची पद्धत मात्र नवी. त्या दिवशी प्रलंबित असलेले खटले कलम ५३१प्रमाणे जुन्या प्रक्रियेने चालतात. त्यामुळे आमच्या पिढीला दोन्ही कायदे बरीच वर्षं शेजारी ठेवावे लागणार आहेत. जुनी पुस्तकं रद्दीत देऊ नका, हे मी प्रत्येक ज्युनियरला सांगते.

३. मोबाईलमधला पुरावा पहिल्या भेटीतच विचारावा.

या विषयावर आमच्या सर्वांत जास्त बैठका झाल्या. कारण आज भांडण बांधाचं असो, नवरा-बायकोचं असो की उसनवारीचं, पक्षकार खिशातून मोबाईल काढतो आणि म्हणतो, ‘मॅडम, सगळं यात आहे.’

या प्रश्नावरचा आधारभूत निवाडा आपल्या जालन्याचा आहे. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले आणि कैलास गोरंट्याल यांनी त्या निवडीला आव्हान दिलं. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर दिला गेला की नाही, हा वाद होता आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रीकरण हा त्यातला पुरावा होता. कलम ६५-ब खालचं प्रमाणपत्र वारंवार मागूनही मिळालं नव्हतं. औरंगाबाद खंडपीठाने निवड रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी तो निर्णय कायम केला, पण त्याच निवाड्यात इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीला प्रमाणपत्र लागतंच, असं ठामपणे सांगितलं. ज्याच्या ताब्यात यंत्र आहे तो प्रमाणपत्र देत नसेल, तर कोर्टाकडे अर्ज करून ते मागवता येतं, हा मार्गही तिथेच दाखवला आहे. बँक किंवा मोबाईल कंपनी दाद देत नाही म्हणून हातपाय गाळणाऱ्या वकिलाने तो परिच्छेद मुळातून वाचावा.

आता साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ने एक पायरी वाढवली आहे. प्रमाणपत्राचा नमुना अनुसूचीत दिला आहे. भाग ‘अ’ पक्षकाराने भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाने, आणि त्या फाईलची हॅश व्हॅल्यू त्यात लिहायची. हॅश व्हॅल्यू म्हणजे फाईलच्या मजकुरावरून गणिताने निघणारा आकडा. फाईलमध्ये एक अक्षर जरी बदललं तरी तो बदलतो. हे आम्हाला बाररूममध्ये संगणकशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांनी करून दाखवलं. कायद्याच्या पुस्तकातून इतक्या वेळा वाचूनही जे उमगलं नव्हतं, ते लॅपटॉपवर पाच मिनिटांत कळलं.

तालुक्याच्या ठिकाणी भाग ‘ब’ भरणारा तज्ज्ञ कुठून आणायचा, ही खरी अडचण आहे आणि त्याचा खर्च गरीब पक्षकाराला झेपत नाही. कायदा करताना कुणी तालुका कोर्टाकडे पाहिलं असतं, तर त्याची काही सोय नक्की केली असती. तोवर आपल्या हातात एवढंच आहे की पहिल्या भेटीत मोबाईल जपून ठेवायला सांगायचं, तो बदलू किंवा फॉरमॅट करू द्यायचा नाही, आणि संभाषणाचा नुसता स्क्रीनशॉट जोडून दावा दाखल करायचा नाही.

४. दिवाणी कामातही कायदा दावा चालू असतानाच बदलतो.

बहिणींच्या वाटपाच्या दाव्याइतकं याचं दुसरं ठळक उदाहरण मला माहीत नाही. महाराष्ट्राने २२ जून १९९४पासून अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला. ९ सप्टेंबर २००५च्या केंद्रीय दुरुस्तीने तो विवाहित मुलींनाही मिळाला. २०१५मध्ये फुलवती प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, त्या दिवशी वडील हयात असायला हवेत. २०१८मध्ये दनम्मा प्रकरणात त्याच्याशी न जुळणारा निकाल आला. शेवटी ११ ऑगस्ट २०२०ला विनीता शर्मा प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी वाद मिटवला: हक्क जन्माने आहे, वडील २००५मध्ये हयात होते की नाही याने फरक पडत नाही. मात्र २० डिसेंबर २००४पूर्वी रीतसर झालेली वाटपं आणि विक्री मोडता येणार नाही.

म्हणजे २०१६मध्ये ज्या बहिणीला ‘तुमचे वडील आधी गेले, दावा टिकणार नाही’ असा सल्ला मिळाला, तो त्या दिवशी बरोबर होता. चार वर्षांनी तो चुकीचा ठरला. तिला परत बोलावून हे सांगायचं कोणी? माझं मत स्पष्ट आहे: ज्याने सल्ला दिला त्यानेच. विनीता शर्मा निवाडा आल्यावर आमच्यातल्या एका ज्येष्ठ वकिलांनी जुन्या डायऱ्या काढून अशा पक्षकारांना फोन केले. काही जणींनी तोवर भावांच्या नावे हक्कसोडपत्र करून दिलं होतं, त्यांच्यासाठी करण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. पण ज्यांचा दावा प्राथमिक हुकूमनाम्यावर थांबला होता, त्यांना अंतिम हुकूमनाम्यापूर्वी हिस्से दुरुस्त करून मागता आले. या फोनइतकं चांगलं प्रशिक्षण मी कुठल्या चर्चासत्रात पाहिलेलं नाही.

तोंडी वाटप झालं होतं, हा भावांचा नेहमीचा बचाव. सरकारी कागदांचा भक्कम आधार नसेल तर तो सहसा मान्य होणार नाही, हेही त्याच निवाड्यात आहे. शीर्षटीप वाचून थांबणाऱ्याच्या हाती हे लागत नाही.

५. स्वतः उघडून न वाचलेला निवाडा कोर्टापुढे ठेवू नये.

२०२३मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात माटा विरुद्ध अॅव्हियान्का खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले निवाडे दाखल केले आणि ५,००० डॉलरचा दंड झाला. ते दूर अमेरिकेत घडलं म्हणून सोडून देता येत नाही. २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयकराचा एक आकारणी आदेश रद्द केला. त्यात ज्या निवाड्यांचा आधार घेतला होता ते अस्तित्वातच नव्हते.

यंत्राची मदत घेण्याच्या मी विरोधात नाही. लांब कागदपत्रांची कालक्रमानुसार यादी करायला ते उपयोगी आहे. पण सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे ई-एससीआरवर फुकट मिळत असताना मूळ निवाडा न उघडण्याला सबब उरत नाही. आमच्याकडे आता नियम आहे: ज्युनियरने साईटेशन आणलं की संबंधित परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवायचा.

६. पक्षकाराचे कागद आपल्याकडे विश्वासाने ठेवलेले असतात.

वैद्यकीय अहवाल, घटस्फोटाच्या दाव्यातले फोटो, बँकेचे उतारे कुठल्याही ॲपमध्ये टाकण्याआधी साक्ष्य अधिनियमाचं कलम १३२ वाचावं. वकील-पक्षकारातली गोपनीयता तिथे आहे. ३१ ऑक्टोबर २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने तपास यंत्रणांना बजावलं की त्या कलमातल्या अपवादात बसल्याशिवाय पक्षकाराच्या प्रकरणाची माहिती काढण्यासाठी वकिलाला समन्स पाठवता येणार नाही. ज्या गुपितासाठी न्यायालयाने एवढं संरक्षण दिलं, ते आपणच सैल हाताने बाहेर सोडणं मला मान्य नाही.

७. कोल्हापूर जवळ आलं, तशी जबाबदारीही जवळ आली.

१८ ऑगस्ट २०२५पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच चालू आहे. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या वकिलांना अपिलाचं काम आता स्वतः करता येईल. त्यासाठी अपिलीय शाखेचे नियम, ई-फाईलिंग, रिट अर्जाचा मसुदा हे शिकून घ्यावं लागेल. दिवाणी कोर्टातली कैफियत लिहिणारा हात रिटला आपोआप वळत नाही.

८. हे शिक्षण मराठीत हवं.

२१ जुलै १९९८च्या अधिसूचनेने राज्यातल्या कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी ठरली. आम्ही उलटतपासणी मराठीत घेतो, पुरसिस मराठीत देतो, रोजनामा मराठीत वाचतो. प्रशिक्षणाची व्याख्यानं मात्र बहुतेक इंग्रजीत होतात आणि मागच्या बाकांवरचे हुशार ज्युनियर प्रश्न न विचारता उठून जातात. आमच्या शुक्रवारी भाषा मराठी ठेवल्यावर सर्वांत नेमके प्रश्न त्यांनीच विचारले.

नोव्हेंबर २०२५मध्ये वरळीच्या गाडी अपघाताच्या प्रकरणातून आलेल्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अटकेची कारणं आरोपीला समजेल त्या भाषेत लेखी द्यावीत, आणि आधी देता आली नाहीत तरी रिमांडसाठी हजर करण्यापूर्वी किमान दोन तास द्यावीत. हा मुद्दा रिमांडच्या वेळी उभा राहून मांडायचा असतो आणि तिथे बहुधा सर्वांत तरुण वकील उभा असतो. त्याला तो त्याच्या भाषेत शिकवलेला असायला हवा.

९. सक्ती असावी, पण तालुक्यापर्यंत पोचणारी.

न्यायाधीशांसाठी उत्तनला न्यायिक अकादमी आहे. महाराष्ट्रातल्या डॉक्टरांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट तास मिळवावे लागतात. वकिलाला अखिल भारतीय बार परीक्षा एकदा द्यावी लागते, आणि २०२३मध्ये घटनापीठाने ती वैध ठरवली. त्यानंतर चाळीस वर्षं तो काय वाचतो, हे कोणी विचारत नाही. १९९९मध्ये व्ही. सुदीर प्रकरणात बार कौन्सिलचे सनदपूर्व प्रशिक्षणाचे नियम कायद्यात अधिकार नाही म्हणून रद्द झाले, त्यामुळे सक्ती आणायची तर १९६१च्या अॅडव्होकेट्स अॅक्टमध्ये तशी स्पष्ट तरतूद करणं हा खात्रीचा मार्ग आहे.

नुसते तास मोजण्याचा अनुभव इंग्लंडने घेतला आहे. तिथल्या सॉलिसिटरांना वर्षाला १६ तासांची अट होती, ती २०१६मध्ये काढून कामाच्या क्षमतेवर भर दिला गेला. आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या सभागृहात सही करून तास मिळू लागले, तर तालुक्यातला वकील दिवस बुडवून, एसटीचं भाडं भरून फक्त सहीसाठी जाईल. म्हणून आमच्या बार असोसिएशनमध्ये मी तीन मागण्या लेखी दिल्या आहेत. बाररूममधली अभ्यासबैठक तासांमध्ये धरावी. सनदेची पहिली पाच वर्षं शुल्क नसावं. आणि वकिलांच्या कारकुनांनाही ई-फाईलिंगच्या शिक्षणात बसवावं, कारण दाव्याची मुदत संपण्याच्या संध्याकाळी संगणकापुढे बहुतेक वेळा तेच असतात.