बाळाच्या मापाचं औषध : तेरेखोलकरांना खर्च कुठे पडतो?

सहा किलोच्या बाळाला डॉक्टर स्पायरोनोलॅक्टोन रोज ६ मिलिग्रॅम लिहून देतात, दुकानात गोळी मिळते ती २५ ची. ब्लेडने चार तुकडे केले तर एखादा पाचाचा होतो, एखादा आठाचा. हृदयाच्या आजारात एवढा फरक चालत नाही. मग फार्मासिस्टकडून गोळ्या कुटून, वजन करून हव्या त्या डोसचं औषध बनवून घ्यावं लागतं. पूर्वी दवाखान्यातला कंपाउंडर मिक्श्चर करून बाटलीला कातरलेली कागदी पट्टी चिकटवायचा, त्यातलंच हे काम. आता ते करणारे थोडे उरलेत, म्हणून निघण्याआधी फोन करून विचारा.

मूळ औषधाची किंमत घरीच काढता येते. रोज ६ मिलिग्रॅम म्हणजे महिन्याला १८०, म्हणजे २५ च्या आठ गोळ्या. पट्टीवरच्या एमआरपीवरून आठ गोळ्यांचे पैसे काढा. त्यावर जे मागतील ते बाटली, द्रव आणि मेहनत यांचे. बनवलेल्या औषधावर छापील किंमत नसते, तेव्हा आकडा आधी ठरवा आणि बिल घ्याच. जनऔषधी केंद्रातल्या स्वस्त गोळ्या आणून दिल्या तर चालतील का, हेही विचारा.

जास्त पैसे जातात ते औषधाच्या मुदतीपायी. पाण्यात बनवलेलं, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं पोटात घ्यायचं औषध अमेरिकी फार्माकोपियाच्या नियमाने फ्रिजमध्येही १४ दिवसच धरतात. म्हणजे महिन्याला दोन बाटल्या आणि दोन खेपा. तेरेखोल गोव्याचं, पण नदीच्या उत्तरेला, सिंधुदुर्गाला चिकटलेलं. फेरीबोटीने केरी गाठायची, पुढे पेडणे, म्हापसा, नाहीतर थेट बांबोळी. फेरीबोट बंद असेल तर आरोंदा-किरणपाणी पुलाचा वळसा. प्रत्येक खेपेला एकाची दिवसाची मजुरी बुडते, आणि ती बहुतेकदा आठ गोळ्यांहून कितीतरी महाग पडते. म्हणून डॉक्टरांना विचारा, मोजलेल्या कोरड्या पुड्या चालतील का? पुडी पातळ औषधापेक्षा जास्त टिकते, महिन्याचं काम एका खेपेत होतं.

त्याहीआधी तयार औषध आहे का ते बघा. फिट्सवरची लेव्हेटिरॅसिटाम आणि व्हॅलप्रोएट सिरपमध्ये मिळतात, थायरॉक्सिनच्या गोळ्या १२.५ मायक्रोग्रॅमपासून येतात. तयार मिळत असताना बनवून घेणं हा फुकटचा खर्च आणि फुकटचा धोका. म्हाताऱ्या माणसाला गोळी गिळवत नसेल तरी ती आपल्या मनाने कुटू नका. नावापुढे एसआर, एक्सआर किंवा सीआर असलेली गोळी कुटली की दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो.

इंजेक्शन आणि डोळ्यांचे थेंब मात्र इस्पितळाबाहेर बनवून घेऊ नका, कितीही स्वस्त सांगितले तरी. त्यासाठी बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं इस्पितळ गाठा. २०१८ पासून तिथे गोव्याबाहेरच्या रुग्णांकडून शुल्क घेतलं जातं, म्हणून गोव्याचा रहिवासी पुरावा जवळ ठेवा.

औषध कशात विरघळवलंय हे विचारायला संकोचू नका. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन होतं. ग्लिसरीन औषधी दर्जाचंच आहे ना, त्याचं लेबल दाखवा, असं म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. बाटलीवर रुग्णाचं नाव, दुकानाचं नाव-पत्ता, प्रिस्क्रिप्शन रजिस्टरमधला नोंद क्रमांक आणि डोस हवा. बनवल्याची तारीख आणि मुदतही लिहून मागा. शंका आली तर औषध थांबवण्याआधी डॉक्टरांशी बोला, आणि बाटली व बिल घेऊन बांबोळीच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा.

एका मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम आहे, हे मात्र मोठ्या अक्षरांत लिहून घ्या. दुसऱ्या खेपेला दुसऱ्या दुकानाने औषध दुप्पट घट्ट बनवलं आणि घरात माप तेच राहिलं, तर बाळाला दुप्पट डोस जातो. नव्या बाटलीसोबत सिरिंज मागा, आणि किती मिलिलिटर द्यायचं त्या रेघेवर फार्मासिस्टकडूनच खूण करून घ्या.