केडगावची मुक्ती

माणसांच्या खरेदीविक्रीस आणि वेठबिगारीस भारतीय संविधानाच्या २३व्या अनुच्छेदाने मनाई केली आहे. असा कायदा अस्तित्वात येण्याच्या अर्धशतक आधी, दलालांच्या हाती सापडू शकणाऱ्या मुलींना आश्रय देण्याचे कार्य पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे उभे केले.

या कार्याचे एक बीज परदेशात रुजले. रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या संघाने लंडनमधील फुलहॅम भागात चालविलेले आश्रमगृह त्यांनी पाहिले. समाजाने ‘पतित’ ठरविलेल्या स्त्रिया तेथे आजाऱ्यांची शुश्रूषा करीत होत्या. ज्यांना कोणी उंबऱ्यात उभे करीत नसे, त्याच दुसऱ्यांना आधार देत होत्या! हे दृश्य रमाबाईंच्या मनावर कायमचे कोरले गेले. त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

१८९६–९७ साली मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. रमाबाईंनी तरुण वयात स्वतः उपासमार सोसली होती. त्यांचे आईवडील मद्रास इलाख्यातील दुष्काळात दगावले होते. त्यामुळे भुकेल्या, निराधार मुलीला कोण गाठते, हे त्यांना सांगावे लागले नाही. त्या स्वतः तेथे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे इतक्या जणींना ठेवण्यास परवानगी मिळेना, म्हणून केडगावच्या शेतजमिनीवर तात्पुरते निवारे उभारण्यात आले.

मुलींना आणले, तरी त्यांचा विश्वास मिळाला नव्हता. ‘ही बाई आपल्याला खाऊ घालून लठ्ठ करील आणि मग उलटे टांगून डोक्यातील तेल काढील,’ अशी भीती काहींच्या मनात होती. वारंवार फसवणूक झालेल्यांना प्रेमळपणाचाही संशय यावा, यात नवल नाही. ती भीती उपदेशाने नव्हे, तर रोजच्या जेवणाने, औषधाने आणि कामाने हळूहळू ओसरली.

फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’ हे वेगळे घर होते. कार्याचा भार सुंदराबाई पवार यांच्यासारख्या येथील स्त्रियांनी उचलला. मिनी अब्राम्स यांच्यासारख्या परदेशी मिशनरी स्त्रियाही केडगावी येऊन राहिल्या. मात्र परदेशातून आलेल्यांना येथील भाषा व रीती शिकाव्या लागत. केवळ सद्भावना पुरेशी नव्हती.

धर्मांतराच्या प्रश्नावरून रमाबाईंवर कडाडून टीका झाली. १८९३ साली पुण्यातील शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातून न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. आश्रय आणि धर्म यांची सरमिसळ होऊ नये, हा आक्षेप विचारात घेण्याजोगाच होता. तथापि त्या मुलींसाठी दुसरे दार उघडण्यास फारसे कोणी पुढे आले नव्हते.

मुक्तीत मुली विणकाम, शेती, छपाई शिकत. रमाबाईंची कन्या मनोरमा हिने ब्रेल लिपी आत्मसात करून अंध मुलींना वाचावयास शिकविले. रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे खिळे जुळविणारे हातही याच मुलींचे होते.