वाय-फाय विकत कोण घेणार?

प्रश्न : आदिलाबाद जिल्ह्यात बेल्याला माझं किराणा दुकान आहे. पीएम-वाणी या सरकारी सार्वजनिक वाय-फाय योजनेतून वाय-फाय विकावं का?

उत्तर : केंद्रीय मंत्रिमंडळाच्या डिसेंबर २०२० च्या मंजुरीनुसार दुकानदाराला परवाना, नोंदणी, शुल्क काहीच लागत नाही. खरी अडचण गिऱ्हाइकाची. २०१६ नंतर मोबाइल डेटा इतका स्वस्त झाला, की रेल्वे स्थानकांवरची मोफत सेवासुद्धा गूगलने २०२० मध्ये आवरती घेतली. इंटरनेटची जोडणीही दुकानदाराला महाग पडे. दूरसंचार नियामक 'ट्राय'ने २०२५ मध्ये २०० एमबीपीएसपर्यंतचा दर घरगुती दराच्या दुपटीवर रोखला, हे फार बरं झालं. तरी कर्ज काढून यात पडू नका. घरचीच फायबर जोडणी वाटता येते का, ते आधी पाहा. मोबाइलची रेंज तुटते तिथे किंवा केसलापूरच्या नागोबा जत्रेतल्या गर्दीत लोक पाच-दहा रुपये देतील. मात्र पहिल्या नोंदणीला ओटीपी लागतो. ती नोंदणी रेंज असतानाच करून घ्यायला सांगा.