रॉक स्लायडर फुटबोर्डच्या भावात विकू नका

फॅब्रिकेशनचं दुकान आहे आणि थार, जिम्नीवाल्यांची कामं घ्यायची आहेत? मग आजच्या व्हिडिओतले हे मुद्दे वहीत उतरवून घ्या.

फुटबोर्डवर माणूस चढतो. रॉक स्लायडरवर गाडी टेकते, आणि नुसती जिम्नीच सुमारे १,२०० किलोची आहे. म्हणून:

१. स्लायडर चेसिसलाच बसवा, दाराखालच्या पत्र्याला कधीच नाही. पत्र्याला लावलात तर एका दणक्यात पत्रा आत जाईल, गाडीचं दार अडकेल आणि गिऱ्हाईक तुमच्या दारात येऊन उभं राहील.

२. नव्या गाडीला वेल्डिंगपेक्षा बोल्टचे ब्रॅकेट बरे. उद्या काढता येतात.

३. बसवण्याआधी ब्रेकचे पाइप, इंधनाची लाइन आणि वायरिंग कुठून जातं ते बघा. बसवल्यावर दारं पूर्ण उघडतात का तपासा.

४. गाडी देण्याआधी चाकांना अडण लावा आणि गिऱ्हाइकासमोर स्लायडरखाली जॅक लावून ती बाजू उचला. गाडीखाली कोणी नको. स्लायडर वाकला, तर गाडी द्यायची नाही.

आता दर. नुसत्या पाइपचं वजन करून भाव सांगू नका. ब्रॅकेट, मजुरी, पावडर कोटिंग, ही चाचणी आणि महिन्याभराने बोल्ट पुन्हा आवळणं, सगळं धरा.

“स्वस्तात पत्र्यालाच लावून द्या” म्हणणाऱ्याला सरळ हात जोडा. एक काम गेलं तर दुसरं मिळतं. नाव गेलं, तर ऑफरोडवाल्यांच्या ग्रुपमध्ये तुमचं दुकान बंद झालंच समजा!