वाढते हृदय आणि रुतलेली तार

मानवी हृदयाच्या उजव्या अलिंदात एक लहानसा पेशीपुंज असतो. त्यातून नियमितपणे विद्युत्-प्रेरणा निघतात, त्या अलिंदांतून निलयांकडे जातात आणि हृदयाचा ठोका पडतो. हा मार्ग खंडित होण्याच्या विकारास हृदयरोध असे म्हणतात. काही बालकांत तो जन्मतःच असतो. काहींत हृदयाच्या पडद्यातील छिद्र बुजविताना या मार्गास इजा पोहोचल्याने तो उद्भवतो.

१९५७ साली अमेरिकेतील मिनिआपोलिस येथे शल्यचिकित्सक वॉल्टन लिलेहाय यांनी अशा बालकांच्या हृदयास तार जोडून बाहेरील यंत्राच्या साहाय्याने ठोके चालू ठेवले. हृदय पूर्ववत् झाले, की ती तार ओढून काढून घेत. तार थोडेच दिवस आत राहत असल्याने हे शक्य होई. पुढे १९५८ साली स्वीडनमध्ये संपूर्ण गतिनियामक, म्हणजे पेसमेकर, प्रथमच शरीराच्या आत बसविण्यात आला. तेव्हापासून तारेचा मुक्काम दिवसांचा न राहता वर्षांचा झाला, आणि एक नवाच प्रश्न उभा राहिला.

तार रुतते कशी?

तार सामान्यतः गळ्याच्या हाडाखालील नीलेतून ऊर्ध्व महानीलेत व तेथून हृदयात नेतात. शरीर या परक्या वस्तूभोवती तंतुमय ऊतकाचे आवरण विणू लागते. कुंपणाची तार झाडाला टेकलेली असली, तर काही वर्षांनी बुंधा वाढून ती सालीच्या आत गडप होते. तसाच हा प्रकार होय. तार नीलेच्या भिंतीस, त्रिदली झडपेस व निलयाच्या स्नायूस चिकटते. बालकांत हे आवरण अधिक दाट होते व कधीकधी त्यात चुना साचून ते कठीण बनते. शिवाय मूल वाढते. तार वाढत नाही. म्हणून बसवितानाच अलिंदात तिचे थोडे वेटोळे सोडतात. तेही पुरले नाही, तर तार ताणली जाते. बालकांच्या नीला अरुंद असल्याने त्या बुजण्याचा संभवही अधिक असतो.

काढण्यातील धोके

तार तुटली वा नीला बुजली, तर ती काढण्याचा विचार करावा लागतो. जंतुसंसर्ग झाल्यास तर गतिनियामक व तारा सर्वच काढणे बहुधा अपरिहार्य ठरते. कारण केवळ औषधांनी तो समूळ जात नाही.

पूर्वी तारेस वजन टांगून ती हळूहळू ओढीत. आता तारेच्या पोकळीत घट्ट बसणारी सळई घालतात आणि बाहेरून नळी सरकवून लेसर किरणांनी किंवा फिरत्या पात्याने चिकटलेले ऊतक सोडवितात. तरीही महानीला वा हृदयाची भिंत फाटण्याचे भय असते. तसे झाल्यास रक्त हृदयावरणात साचून हृदयावर दाब येतो व काही मिनिटांतच प्राणावर बेतते. म्हणूनच छाती उघडून शस्त्रक्रिया करणारे पथक जवळच सज्ज ठेवतात. त्रिदली झडप फाटणे आणि तारेचा तुकडा आत राहणे, हेही धोके आहेत. हृदयाच्या पडद्यात छिद्र असल्यास सुटलेली गुठळी डाव्या बाजूस जाऊन मेंदूपर्यंत पोहोचू शकते.

काढावी की ठेवावी?

संसर्ग नसल्यास निकामी तार आतच ठेवून दुसरी घालता येते. वृद्ध रुग्णास हा मार्ग पुष्कळदा सोयीचा ठरतो. परंतु दहा वर्षांच्या मुलापुढे संपूर्ण आयुष्य असते. आज ठेवलेली तार उद्या अधिकच रुतेल, नव्या तारेसाठी नीलेत जागा उरणार नाही, आणि चुंबकीय अनुस्पंदनाने शरीराची तपासणी करण्यातही अडचण येईल. उलट, काढण्याचा धोका आजच पत्करावा लागतो. त्यामुळे तारेचे वय, मुलाचे वजन व हृदयाची रचना पाहून प्रत्येक रुग्णापुरता स्वतंत्र निर्णय घेतात.

अगदी लहान बालकांत तार नीलेतून न नेता हृदयाच्या बाह्य पृष्ठावर शिवतात आणि यंत्र पोटाच्या भिंतीत ठेवतात. त्यासाठी छाती उघडावी लागते. परंतु नीला पुढील आयुष्यासाठी मोकळ्या राहतात. सारांश, बालकाच्या हृदयात तार बसवितानाच ती काढण्याच्या दिवसाचाही विचार करावा लागतो.